फोनच्या मापाने स्वतःला मोजू नका



वस्तीत आरोग्य तपासणी असली की प्रश्न ठरलेले असतात. रक्त किती आहे, साखर वाढली का, गुडघे का दुखतात. गेल्या पाच-सहा वर्षांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे, आणि तो विचारणाऱ्या बहुतेक तेरा ते वीस वर्षांच्या पोरी असतात. गर्दी ओसरली की एखादी जवळ येते आणि हळूच विचारते, "सिस्टर, गोरं व्हाची चांगली क्रीम कोणती?" दुसरी विचारते, "माझं नाक लय मोठं दिसते का वो?" आताशा पोरंही विचारतात, पण त्यांचा प्रश्न दंडाचा, छातीचा आणि जिमच्या पावडरीचा असतो.

नाक मोठं आहे हे तुला कुणी सांगितलं, असं मी विचारते. घरच्यांनी? मैत्रिणीनं? बहुतेक वेळा उत्तर एकच येतं. कुणी सांगितलं नाही, फोनमध्ये तसं दिसलं.

म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर फोनबद्दल बोलू. फोन वाईट आहे, फेकून द्या, असं मी सांगणार नाही. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख फोनवर कळते, भरतीची जाहिरात फोनवर येते, परगावी कामाला गेलेल्या लेकाचा चेहरा फोनवरच दिसतो. माझं सांगणं एवढंच आहे की फोनवर जे जग दिसतं ते खऱ्या जगाच्या मापाचं नसतं. त्या मापाने आपण आपलं अंग, आपला रंग, आपलं घर मोजायला लागलो की आधी मन खचतं, आणि कधी कधी त्याच्या मागोमाग शरीरही. हे कसं होतं ते एकेक करून पाहू.

फोटो खरा का नसतो

पहिलं कारण भिंगाचं. कॅमेऱ्याच्या जवळ असलेली वस्तू मोठी दिसते आणि लांबची लहान. सेल्फी काढताना फोन चेहऱ्यापासून साधारण फूट-दीड फूट असतो. अशा वेळी नाक भिंगाच्या सगळ्यात जवळ येतं आणि कान मागे राहतात. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचा हिशोब मांडला. एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक खऱ्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. पाच फुटांवरून फोटो काढला की हा फरक जवळजवळ राहत नाही. म्हणजे "माझं नाक लय मोठं" असं वाटणाऱ्या पोरीचं नाक ठीकच आहे, तिचा हात तेवढा आखूड आहे. हे घरी करून बघा. एकाच जागी, एकाच उजेडात एक सेल्फी काढा आणि दुसरा फोटो बहिणीला पाच फुटांवर उभं करून काढून घ्या. दोन्ही शेजारी ठेवा. पोरींना दहा मिनिटं समजावण्यापेक्षा हा एक प्रयोग जास्त काम करतो.

दुसरं कारण फिल्टरचं. फिल्टर म्हणजे फोटो काढतानाच चेहरा बदलणारी सोय. डाग पुसले जातात, जबडा निमुळता होतो, डोळे मोठे होतात, आणि बहुतेक वेळा रंग उजळतो. कित्येक फोनमध्ये ही 'ब्युटी'ची सोय कॅमेऱ्यात आधीपासूनच चालू असते, आपण बटण दाबलेलं नसलं तरी. रोज असा चेहरा बघितला की आरशातला चेहरा परका वाटायला लागतो. "फिल्टर लावलं नाही तं फोटो टाकताच येत नाही," असं पोरी सहज बोलून जातात, त्यामागे हेच आहे.

तिसरं कारण निवडीचं. चाळीस फोटो काढले जातात आणि एक टाकला जातो. फुटाळ्यावर संध्याकाळी गाडीला टेकून उभा असलेला पोरगा आपल्याला दिसतो, त्या गाडीचा थकलेला हप्ता दिसत नाही. लग्नातला घागरा दिसतो, तो भाड्याने आणला होता हे दिसत नाही. नवरा-बायकोचा हसरा व्हिडिओ दिसतो, सकाळचं भांडण दिसत नाही. यात कुणी मुद्दाम फसवत असेलच असं नाही. आपणही तसंच करतो. पण शंभर ओळखीच्या लोकांनी आपापला सर्वांत चांगला क्षण टाकला, की बघणाऱ्याला वाटतं, सगळ्यांचं छान चाललं आहे, फक्त माझंच अडलं आहे.

चौथं कारण क्रमाचं. इन्स्टाग्राम, यूट्यूब किंवा फेसबुक उघडल्यावर समोर काय यावं हे आपण ठरवत नाही, कंपनीचं यंत्र ठरवतं. कंपनीची कमाई जाहिरातींवर असते. तुम्ही जितका वेळ थांबाल तितक्या जाहिराती दिसतील, म्हणून तुम्हाला थांबवून ठेवेल ते पुढे येतं. एखाद्या पोरीने 'सात दिवसांत गोरेपणा'ची एक रील शेवटपर्यंत पाहिली की तशाच आणखी यायला लागतात आणि त्यांच्यामध्ये क्रीमची जाहिरात असते. तिला वाटतं सगळं जग याच विषयावर बोलत आहे. खरं तर तिच्या फोनपुरतंच ते जग तसं झालेलं असतं. तिच्या भावाचा फोन उघडून बघा, त्याचं जग वेगळंच असेल.

ही चारही कारणं एकत्र केली की गोष्ट साधी आहे. आपण आपल्या चोवीस तासांची तुलना दुसऱ्याच्या तीस सेकंदांशी करतो. त्यात आपण हरणारच.

मनावर काय होतं

तुलना माणूस पहिल्यापासून करतो. पूर्वी ती गल्लीतल्या लोकांशी व्हायची. शेजारणीच्या अंगावर नवी साडी दिसली तरी तिच्या घराचं छप्पर कुठे गळतं हेही आपल्याला ठाऊक असायचं. त्यामुळे हिशोब बरोबर व्हायचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केली. आता इंदोऱ्यातली किंवा रामेश्वरीतली पोरगी स्वतःची तुलना मुंबईच्या, दिल्लीच्या, कोरियाच्या चेहऱ्यांशी करते. त्यांच्या घराचं छप्पर तिला कधी दिसत नाही.

हे कंपनीला ठाऊक नव्हतं असं नाही. फ्रान्सेस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आणली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकी वृत्तपत्राने ती छापली. इन्स्टाग्राम याच कंपनीचं. कंपनीने स्वतः केलेल्या पाहणीत २०१९ मध्येच निघालं होतं की आपल्या शरीराबद्दल वाईट वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी तिघींत एकीचं दुःख इन्स्टाग्राममुळे वाढतं. हे त्यांच्या कागदावर होतं आणि आपल्या पोरी मात्र समजत होत्या की दोष आपल्याच चेहऱ्यात आहे.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारचे मुख्य आरोग्य सल्लागार डॉ. विवेक मूर्ती यांनी याच विषयावर जाहीर इशारा दिला. दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या किशोरवयीन मुलांमध्ये उदासी आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो, असं त्यात म्हटलं आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. फोनमुळे मूल उदास होतं, की उदास मूल फोनमध्ये तोंड लपवतं? दोन्ही होतं. घरात दारू आणि मारझोड असेल, शाळेत कुणी जातीवरून किंवा रंगावरून बोलत असेल, तर ते मूल फोनकडे पळतं आणि फोन त्याला आणखी खाली ओढतो. म्हणून मूल सतत फोनवर असेल तर आधी त्याच्या हातातून फोन ओढू नका, आधी विचारा, काय झालं.

कमी केल्याने फरक पडतो का? पडतो. कॅनडात १७ ते २५ वयाच्या २२० तरुणांवर एक प्रयोग झाला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात चिंता-उदासीची काही लक्षणं आधीच होती. निम्म्यांना सोशल मीडिया दिवसाला एका तासावर आणायला सांगितलं. तीन आठवड्यांत त्यांना आपल्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल पहिल्यापेक्षा बरं वाटू लागलं. चेहरा तोच, वजन तेच. औषध नाही, खर्च नाही.

आता झोपेचं. आपल्याकडे एक-दोन खोल्यांत पाच-सहा माणसं झोपतात. दिवा बंद झाला की पांघरुणाखाली फोन सुरू होतो आणि दोन कधी वाजले कळत नाही. किशोर वयात आठ ते दहा तास झोप लागते. ती सहा तासांवर आली की सकाळी चिडचिड, वर्गात डुलक्या, डोकेदुखी, अभ्यास डोक्यात न शिरणं हे सगळं येतं. आई म्हणते पोरगी उद्धट झाली. पुष्कळदा पोरगी उद्धट झालेली नसते, तिची झोप झालेली नसते.

रंग, क्रीम आणि किडनी

आता शरीराकडे येऊ. कारण मनातला न्यूनगंड शेवटी बाजारात जातो आणि काहीतरी विकत आणतो.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या विदर्भातल्या अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेली गोरेपणाची क्रीम लावत होत्या. तिघींच्याही किडनीला इजा झाली. ती क्रीम मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासली तेव्हा त्यात पारा सापडला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले एका विशिष्ट किडनीविकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यातल्या १५ जणांना त्या विकाराचा एक विरळ प्रकार होता, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. हा अभ्यास २०२४ मध्ये 'किडनी इंटरनॅशनल' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

या बायांना फोननेच क्रीम दिली, असं मी म्हणत नाही. गोरेपणाची हाव फोनच्या कितीतरी आधीची आहे. 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आली आणि तिच्या नावातला 'फेअर' जायला २०२० साल उजाडलं. फोनने केलं ते इतकंच की ती जाहिरात टीव्हीतून काढून आपल्याच चेहऱ्यावर लावून दाखवली. फिल्टरमधली गोरी 'तू' आणि खरी 'तू' यांच्यात जे अंतर दिसतं, ते भरून काढायला पोरगी क्रीम शोधते.

पारा काय करतो ते सांगते. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचं द्रव्य तयार होतं, त्याने रंग सावळा होतो. पारा ते द्रव्य तयार होणं अडवतो, म्हणून काही दिवसांत चेहरा उजळ दिसतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो. किडनीची गाळणी बिघडते आणि लघवीवाटे प्रथिनं निघून जातात. मग पायांवर सूज येते, सकाळी डोळ्यांभोवती फुगवटा दिसतो, लघवीला फेस येतो. पाऱ्याने मनावरही परिणाम होतो, चिंता आणि उदासी वाढते. क्रीम लावणाऱ्या बाईचा टॉवेल, उशी आणि स्पर्श यांतून तो घरातल्या लेकरांपर्यंत पोचू शकतो. पोटात बाळ असेल तर बाळापर्यंतही.

आपल्या देशात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार पारा घालून प्रसाधन बनवायला मनाई आहे. चुकून अंश राहिला तरी चेहऱ्याच्या क्रीममध्ये तो दहा लाख भागांत एका भागाच्या वर चालत नाही. तरीही नाव-पत्ता नसलेल्या डब्या विकल्या जातात.

दुसरा धोका स्टिरॉइडचा. मेडिकल दुकानातून कुणाच्या सांगण्यावरून आणलेल्या कित्येक 'गोरं करणाऱ्या' ट्यूबमध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असतं. ही चांगली औषधं आहेत, पण ठरावीक त्वचारोगासाठी, ठरावीक दिवसांसाठी. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावली की कातडी पातळ होते, लाल होते, मुरमं येतात, केस उगवतात, आपल्या नागपूरच्या उन्हात चेहरा भाजतो. बंद केली की चेहरा आणखी बिघडतो, म्हणून बाई परत तीच लावते. सरकारने २०१८ मध्ये अशा १४ स्टिरॉइड औषधांच्या मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. दुकानदार देत असला तरी तुम्ही घेऊ नका.

आपल्या भागात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या किडनीवर आधीच ताण असतो. ज्या घरात सिकलसेल आहे त्यांनी अशा क्रीमपासून दुप्पट सावध राहावं.

डबी हातात घेतली की हे बघा:

• बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, तारीख नाही? घेऊ नका.
• परदेशी अक्षरं आहेत आणि घटकांची यादी नाही? घेऊ नका.
• 'कॅलोमेल', 'मर्क्युरी', 'मर्क्युरिक', 'मर्क्युरस' यांपैकी काही लिहिलं आहे? तो पारा आहे.
• 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना आहे? पारा असण्याची शक्यता आहे.
• सात दिवसांत गोरं करण्याचं वचन आहे? जितका लवकर परिणाम, तितका जास्त संशय.

अशी बिनानावाची क्रीम लावत असाल तर बंद करा. डबी फेकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी महानगरपालिकेच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. वेळेवर क्रीम बंद केली आणि उपचार घेतले तर बहुतेकांची किडनी सावरते, हे त्या केरळच्या रुग्णांमध्येही दिसलं. लाजून लपवलं तर मात्र उशीर होतो. स्टिरॉइडची ट्यूब बरेच महिने लावली असेल तर ती कशी सोडायची हे त्वचारोग विभागात विचारा. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, जे जवळ पडेल तिथे जा.

रंग बघायचाच तर कुठे बघायचा

नर्सिंगच्या शिक्षणात आम्हाला रंग बघायला शिकवतात. पण तो चेहऱ्याचा नाही. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा, जीभ बघायची, नखं बघायची, डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा. पापणी आतून फिकट असेल तर रक्त कमी आहे. डोळे पिवळे असतील तर कावीळ किंवा सिकलसेलचा विचार करायचा. त्वचा गोरी आहे की सावळी, यावरून आजही कुठलाच डॉक्टर कुणाला निरोगी ठरवत नाही. उलट सावळ्या कातडीतलं मेलॅनिन उन्हातल्या घातक किरणांपासून रक्षण करतं. मे महिन्यात ४५ अंशांत राबणाऱ्या माणसाला ते वरदान आहे. कधी कधी आई कौतुकाने सांगते, "पोरगी आता उजळली." मी पापणी ओढून बघते, तर आत पांढरंफटक. रंग उजळलेला नसतो, रक्त उतरलेलं असतं.

नीटनेटकं राहणं वेगळं

कुणी म्हणेल, सिस्टर, मग काय आम्ही छान दिसूच नये? फोटो काढूच नये? तसं अजिबात नाही. आपल्या समाजाला नीटनेटकं राहण्याचा अर्थ इतरांपेक्षा जास्त ठाऊक आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब बायकांशी बोलले तेव्हा त्यांनी लुगडं नेसायच्या पद्धतीबद्दल आणि कथलाच्या, चांदीच्या जड दागिन्यांबद्दल सांगितलं. त्या पेहरावावरून जात ओळखली जात होती, म्हणून तो सोडायला सांगितलं. स्वच्छ आणि टापटीप राहायला सांगितलं. आपल्या आज्या-पणज्यांनी त्या दिवसापासून कपडा बदलला, तो मान वर करून चालण्यासाठी.

फरक इथेच आहे. भीमजयंतीला पांढरी साडी नेसून, केस विंचरून काढलेला फोटो बघितला की छाती भरून येते. तो फोटो सांगतो, मी जशी आहे तशी उभी आहे. फिल्टरचा फोटो उलट सांगतो, तू जशी आहेस तशी चालणार नाहीस. दुसऱ्याने ठरवलेला रंग उच्च आणि आपला नीच, ही मोजणी आपण कुठून ओळखतो हे मी वेगळं सांगायला नको. ती फोनमधून परत घरात येऊ द्यायची का, एवढाच प्रश्न आहे.

आणि ती फक्त फोनमधून येते असंही नाही. आपल्याच लग्नाच्या कितीतरी बायोडाटात अजून 'वर्ण' असा रकाना असतो आणि त्यात सावळ्या पोरीच्या नावापुढे 'गव्हाळ' लिहिलं जातं. बायोडाटाचा फोटो उजळून छापला जातो. मग पाहुणे येतात आणि "फोटोत तर गोरी होती" म्हणतात. हे ऐकलेली पोरगी त्या रात्री क्रीम शोधणार नाही तर काय करेल? वधू-वर परिचय मेळावे भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे. तो रकाना काढून टाका. त्या जागी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी लिहा. लग्न ठरवताना कामाची माहिती ती आहे.

घरात काय करता येईल

१. रात्री फोनची जागा ठरवा. दहा वाजता घरातले सगळे फोन एका डब्यात किंवा फळीवर, आई-बापाचेही. फक्त पोरांचा काढून घेतला तर ते ऐकणार नाहीत.

२. संध्याकाळी एक तास फोन-टीव्ही बंद. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने हे २०२२ च्या १५ ऑगस्टपासून सुरू केलं. रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि गाव दीड तास फोन-टीव्ही बाजूला ठेवतं. पोरं अभ्यास करतात, मोठी माणसं बोलतात. अख्खं गाव करू शकतं तर एक गल्ली का नाही? एकटं घर करतं तेव्हा पोरांना शिक्षा वाटते, सगळी गल्ली करते तेव्हा खेळ वाटतो.

३. फोनच्या सेटिंगमध्ये आपण कोणत्या ॲपवर किती वेळ होतो ते दिसतं. आठवड्यातून एकदा घरच्यांनी मिळून बघा. रागवू नका, फक्त बघा. आकडा पाहिला की माणूस आपसूक कमी करतो.

४. जी पानं बघून स्वतःचा राग येतो ती 'अनफॉलो' करा. नको ती रील आली की 'नॉट इंटरेस्टेड' दाबा. काही दिवसांत यंत्र वेगळं दाखवायला लागतं.

५. कॅमेऱ्यातली 'ब्युटी'ची सोय बंद करा. महिनाभर फिल्टरशिवाय फोटो काढायचे, असं मैत्रिणींनी मिळून ठरवा.

६. घरात रंगावरून, जाडीवरून थट्टा बंद. "काळे, इकडे ये" हे लाडाने म्हटलेलंही लेकराच्या मनात राहतं. मामा-मावश्यांनाही हे सांगा.

७. पोरांना जिमची पावडर किंवा 'ताकदीचं इंजेक्शन' कुणी दिलं तर घेऊ देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा. चणे, अंडी, शेंगदाणे, डाळ यांनी दंड तयार होतात, फक्त त्याला तीस सेकंद पुरत नाहीत.

मदत कधी घ्यावी

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस यांपैकी काही दिसलं तर थांबू नका: जेवण किंवा झोप बिघडणं, आरशासमोर तासन् तास घालवणं किंवा आरसा टाळणं, शाळा-कॉलेजला जायला नकार, मैत्रिणींपासून तुटणं, सारखं रडू, स्वतःला इजा करणं. "मी नसतो तं बरं झालं असतं" असं कुणी एकदाही म्हटलं तर ते नाटक समजू नका. दोन आठवडे वाट बघायची नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

टेली-मानस ही सरकारची फोन सेवा आहे. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. मेडिकल आणि मेयोमध्ये मानसोपचार विभाग आहेत, प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण तपासणी होते. तिथे गेलं म्हणजे वेड लागलं असं नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेत असे उपचार मिळणं हा आपला हक्क ठरवला आहे. हक्क म्हणून मागा, लाज म्हणून लपवू नका.

विहारातल्या बैठकीसाठी तीन प्रश्न

रविवारी विहारात जमाल तेव्हा हे पान वाचा आणि तरुण पोरापोरींना आधी बोलू द्या, मोठ्यांनी नंतर बोलावं.

पहिला: गेल्या आठवड्यात फोनवर काय बघून तुम्हाला स्वतःबद्दल वाईट वाटलं? त्या चित्रात काय दाखवलं नव्हतं?

दुसरा: आपल्या घरात रंगावरून शेवटचं कोण, कुणाला बोललं?

तिसरा: आपल्या गल्लीत फोन बंद ठेवायचा तास कोणता ठरवायचा, आणि भोंगा कोण वाजवणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरल्याशिवाय बैठक उठवू नका.

आपली आरोग्यमैत्रीण